रुखवतातली फ्रेंच बेकरी: बडोद्यातलं एक प्रकरण

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका घरात मुलीचं लग्न ठरलं, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा, आणि मुलगी पेस्ट्री शेफ, फ्रान्समध्ये शिकून तिथेच काही काळ दुकानात काम करून आलेली. तर तिच्या मावशीने ठरवलं की रुखवतात यावेळी साखरेचा बंगला नको, नवरा-नवरी बाहुल्या नकोत, सरळ एक फ्रेंच मिठाईचं दुकानच मांडायचं, बाहुलीघराच्या मापाचं, आत काउंटर, काचेची कपाटं, कपाटात एक्लेअर (वर चॉकलेट लावलेली लांबट क्रीमची पेस्ट्री), मॅकरॉन (मधे क्रीम लावलेली छोटी गोल जोडबिस्किटं), मिलफॉय (पापुद्र्यांच्या थरांमध्ये क्रीम), पॅरिस-ब्रेस्ट (क्रीम भरलेलं गोल कडं) आणि मधोमध क्रोकाँबूश (पफांचा उंच सुळका). मावशी शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या, हात पक्का, भातुकलीची लाकडी भांडी रंगवायची असली की सगळी ओळखीची मंडळी त्यांच्याकडेच पाठवतात, त्यामुळे हे जमणार नाही असं कोणालाच वाटलं नाही.

मी मिनिएचर, म्हणजे बाहुलीघराच्या मापाच्या बारीक वस्तू, बनवायला शिकवते म्हणून गणपतीच्या आधी त्या एक ट्रे घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, सगळं केलंय, पण खरं वाटत नाही. काय चुकतंय ते सांग." ट्रे बघितला. एकेक वस्तू सुटी उचलून बघितली तर सुंदर होती. दुकानात मांडली की खोटी. ही तक्रार या कामात इतकी कॉमन आहे की हे प्रकरण नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण यात जवळजवळ सगळेच रोग एका ट्रेमध्ये होते.

पहिला रोग मापाचा. बाहुलीघराचं सगळ्यात चालणारं माप १:१२, म्हणजे खऱ्यातला एक फूट तिथे एक इंच. लंडनजवळ विंडसर कॅसलमध्ये क्वीन मेरीचं जे प्रसिद्ध बाहुलीघर आहे, एडविन लटियन्सने डिझाइन केलेलं, १९२४ मध्ये पुरं झालेलं, ते पण याच मापाचं आहे, आणि त्याचे फोटो बघून माणूस फसतो ते एवढ्यासाठीच की खुर्चीपासून तळघरातल्या वाइनच्या बाटलीपर्यंत माप एकच धरलंय. मावशींनी दुकानाचं खोकं बरोब्बर केलं होतं. सुताराकडून २५ सेंटीमीटर उंचीचं, म्हणजे खऱ्यात तीन मीटरचं छत, काउंटर साडेसात सेंटीमीटर, म्हणजे खरा नव्वदचा, एकदम करेक्ट. पण मिठाया केल्या होत्या अंदाजाने, आणि हाताचा अंदाज नेहमी मोठाच पडतो, कारण हाताला जे धरता येतं तेवढं तो करतो. मॅकरॉन आठ मिलिमीटरचे होते. बाराने गुणा, साडेनऊ सेंटीमीटर झाले. खरा मॅकरॉन साडेचार-पाचचा असतो. त्यांच्या आईने, म्हणजे नवरीच्या आजीने, ट्रेमध्ये डोकावून "अनारसे छान झालेत हो" म्हटलं होतं, आणि मावशींना ते लागलं होतं, पण आजींचं काही चुकलं नव्हतं, त्या मापाला आपल्याकडे तेच म्हणतात.

दुसरा रोग चिकटपणाचा. एक्लेअर पॉलिमर क्लेचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक करायच्या मऊ क्लेचे होते, भाजलेले बरोबर, पण वरची चॉकलेटची चमक यावी म्हणून ट्रान्सपरंट नेलपेंट लावलं होतं. पहिले काही दिवस मस्त दिसतं. मग वाळलेलं नेलपेंट पुन्हा मऊ पडायला लागतं, बोट लावलं की ठसा उठतो, धूळ चिकटते, आणि बडोद्यात धुळीला काही कमी नाही. कारण असं की पॉलिमर क्ले म्हणजे मुळात पीव्हीसी आणि ते मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर, आणि नेलपेंटमधल्या सॉल्व्हंटचं आणि त्या प्लास्टिसायझरचं अजिबात पटत नाही. हे भाजल्यावर पण सुटत नाही. पुष्कळ स्प्रे वार्निशचं पण तेच. अॅसिटोनने पुसायचा प्रयत्न केला तर क्लेचा वरचा थर पण विरघळतो, म्हणून मी वाचवायच्या भानगडीत पडू नका म्हटलं, फेका. मावशींनी फेकले नाहीत, डबीत ठेवले. टीचर आहेत, काहीच फेकत नाहीत.

तिसरा रोग क्रोकाँबूशचा, आणि खरं प्रकरण हेच. क्रोकाँबूश म्हणजे क्रीम भरलेल्या छोट्या पफचा उंच सुळका, पफ एकमेकांना गरम कॅरमेलने चिकटवलेले, वरून साखरेच्या तारांचं जाळं. फ्रान्समध्ये लग्नात, बारशाला हे मांडतात. मावशींनी हा सुळका घरच्या मळलेल्या क्लेचा केला होता, फेविकॉल, कॉर्नफ्लॉवर, थोडं तेल, थोडा लिंबाचा रस, ज्याला कोल्ड पोर्सलेन म्हणतात ते, कारण पॉलिमर क्ले बाहेरून येतं, महाग पडतं, आणि इतक्या पफांना पुरणार नाही असं त्यांना वाटलं. वस्तू वाईट नाही ही, फुलं आणि पाकळ्या तर याच्याच चांगल्या होतात. पण ते वाळतं पाणी उडून, म्हणजे वाळताना आक्रसणारच, आणि केलं कधी तर भर श्रावणात. बाहेरून कडक, आतून ओलं. सुळका एका बाजूला कलला, पफांमध्ये भेगा पडल्या, आणि खालच्या रांगेत करड्या रंगाची बुरशी. पिठाची वस्तू आहे, पावसाळ्यात बुरशी लागणारच, त्यात नवल काय.

त्यांचा हिशोब पण चुकीचा होता, तो कागदावर करून दाखवला. सुळका चार सेंटीमीटर उंच, खालचा तळ सतरा मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे खऱ्यात साधारण अर्ध्या मीटरचा क्रोकाँबूश. खरा पफ साडेतीन-चार सेंटीमीटर, म्हणजे इथे तीन मिलिमीटर. असे पफ त्या सुळक्यावर बसतात एकशे दहा ते एकशे वीस. तीन मिलिमीटरच्या गोळीला क्ले किती लागते? एकशे वीस गोळ्यांना मिळून दोन-तीन ग्रॅम. फीमो या पॉलिमर क्लेच्या ब्रँडची एक वडी ५७ ग्रॅमची असते. मावशी चष्मा काढून माझ्याकडे बघत बसल्या. या कामात माल जवळजवळ फुकट आहे, महाग आहे तो वेळ आणि डोळे, आणि जे लोक मालात बचत करायला जातात ते वेळ दुप्पट घालवतात.

आता चौथा रोग, जो कोणाला पटकन दिसत नाही आणि ज्याच्यामुळे माप बरोबर असूनही वस्तू खोटी दिसते. वस्तू लहान करता येते, पण मटेरियल लहान होत नाही. थेंब थेंबच राहतो. यूव्ही रेझिन (यूव्ही लॅम्पखाली कडक होणारं पारदर्शक द्रव) तीन मिलिमीटरच्या पफावर ठेवलं की पृष्ठताणामुळे ते फुगून उभं राहतं, समजा ०.३ मिलिमीटरचा थर बसला, तर बाराच्या हिशोबाने ते साडेतीन मिलिमीटर जाड कॅरमेल झालं, कोणी दात लावेल का त्याला? पिठीसाखर म्हणून मावशींनी पॅरिस-ब्रेस्टवर पांढरी रांगोळी भुरभुरवली होती, कल्पना छान, पण रांगोळीचा कण तिथे खडीसारखा दिसतो. गोंद, वार्निश, धागा, पावडर, सगळ्यांचं हेच. म्हणून माझं मत असं झालंय की मिनिएचरमध्ये डिटेल वाढवून वस्तू खरी होत नाही. आधी जाडी मारायची, मग संख्या कमी करायची, आणि मग उरलेल्या दोन-तीन गोष्टी जीव तोडून बरोबर करायच्या. मिलफॉयच्या पफ पेस्ट्रीत सहा वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. १:१२ मध्ये तो एक तुकडा चार मिलिमीटर उंच. त्यात ७२९ सोडा, वीस पण मावत नाहीत. मावशींनी कागदासारखे पातळ पापुद्रे लाटून एकावर एक रचले होते, प्रचंड मेहनत, आणि लांबून ती एक सपाट तपकिरी वडी दिसत होती.

इथे मात्र उपाय मी नाही, मावशींनी काढला. म्हणाल्या, "चिरोटा तळताना थर मधे कुठे दिसतात गं, कडेलाच तर सुटतात." बस. मग एकच पट्टी घेतली, मधे काही केलं नाही, फक्त कडेला नव्या ब्लेडच्या टोकाने वेड्यावाकड्या आडव्या चिरा मारल्या, काही खोल, काही नुसत्या ओरखडलेल्या, आणि सुईने दोन-चार ठिकाणी पापुद्रा उचकटला. अशा तीन पट्ट्या, मधे फिक्या पिवळ्या क्रीमचे दोन थर, वर पांढरं आयसिंग आणि त्यावर चॉकलेटच्या रेघा सुईने ओढून केलेली नक्षी. पाच मिनिटांचं काम आणि आधीच्यापेक्षा दहापट खरं.

रंगाचं पण तसंच झालं. सगळ्यांची सवय असते की भाजलेली वस्तू म्हणजे तपकिरी क्ले. तसं नाही चालत. क्ले फिकीच घ्यायची, पांढऱ्यात थोडा ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक), चिमूटभर गेरूपिवळा, कच्च्या कणकेच्या जवळचा रंग, आणि भाजणं वरून द्यायचं, सुक्या पेस्टल खडूची पावडर ब्लेडने खरवडून मऊ ब्रशने. आधी पिवळा ऑकर सगळीकडे हलका, मग सिएना (पिवळसर तपकिरी) टेकाडांवर, आणि गडद बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) फक्त जिथे ओव्हनची धग पहिली लागेल तिथे, माथ्यावर, कडेवर. भेगा फिक्याच ठेवायच्या, कारण पफ फुगून तडकतो तेव्हा आतली कणीक उशिरा उघडी पडते. हे चित्रकलेच्या बाईंना सांगावं लागलं नाही, एकदा बघितलं आणि मलाच दोन गोष्टी शिकवल्या. टेक्स्चरला जुना टूथब्रश आणि चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलची गोळी, यापेक्षा महागडं टूल लागत नाही.

मॅकरॉनचं थोडक्यात सांगते. एक मिलिमीटरपेक्षा थोडी पातळ पोळी, चार मिलिमीटरच्या नळीने कापलेल्या चकत्या (जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलची नळी उत्तम, एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात, हवं ते माप मिळतं), कड बोटाने किंचित उतरवायची, आणि खालच्या बाजूला सुईने बारीक बारीक उसवायची म्हणजे ती फेसाळ झालर येते. झालर फक्त खालच्या कडेला, चकतीभर नाही. रंग सगळे दुधी, पांढरा भरपूर घालून. भडक गुलाबी मॅकरॉन जत्रेतल्या गोळ्या वाटतात.

पॅरिस-ब्रेस्टसाठी मावशी अडून बसल्या होत्या, कारण नवरीला तो प्रिय. १९१० मध्ये लुई दुराँ नावाच्या मिठाईवाल्याने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशा सायकल शर्यतीसाठी तो काढला, म्हणून चाकासारखा गोल. मोठा असतो वीस-बावीस सेंटीमीटरचा, इथे अठरा मिलिमीटर. वरचे बदामाचे काप सगळ्यात त्रासदायक, क्लेची बारीक वळकटी भाजून, ती गरम असतानाच ब्लेडने जितकी पातळ निघेल तितकी काढायची, तरी चारातले तीन काप फेकण्यात जातात. रांगोळीच्या जागी पांढऱ्या पेस्टलची बोटावर चोळलेली पूड, तीही ब्रश झटकून उरेल तेवढीच.

आता क्रोकाँबूश. आधी आजींचा विरोध मोडायचा होता, त्यांचं म्हणणं, रुखवतात करंज्या, लाडू, चिरोटे मांडतात, ही परकी उतरंड कशाला, आणि खाता पण येत नाही. त्यांना मी कारेमची गोष्ट सांगितली. मारी-आँत्वान कारेम, १७८४ च्या सुमाराचा जन्म, पॅरिसमधला मिठाईवाला, तो साखर, बदामाचं पीठ आणि पेस्ट्रीची देवळं, पडके किल्ले, कारंजी करायचा, कितीतरी फूट उंच, दुकानाच्या काचेत मांडायला आणि मेजवानीच्या टेबलावर ठेवायला. बांधकामाची चित्रं लायब्ररीत बसून अभ्यासायचा त्यासाठी. म्हणजे तिकडे पण नुसतं बघायचं गोडाधोडाचं काम होतंच. आजी म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं रुखवतच की." आणि विषय संपला.

सुळक्याचा गाभा फॉइल घट्ट दाबून केला, त्यावर क्लेचा पातळ थर, आणि हा थर कॅरमेलच्या रंगाचा, पांढरा नाही. पफांच्या मधल्या फटीतून जे दिसतं ते कॅरमेलच दिसलं पाहिजे, नाहीतर गाभा डोकावतो आणि सगळी मेहनत पाण्यात. गाभा एकदा भाजून घेतला. पफ वेगळे, खालच्या रांगांना तीनपेक्षा किंचित मोठे, वर जाताना बारीक, सगळे एकसारखे गोल करायचे नाहीत, खऱ्यात कोणी बसकं असतं, कोणाला टेंगूळ असतं. रंगवून, भाजून, मग लिक्विड क्लेच्या (भाजल्यावर घट्ट होणाऱ्या पातळ क्लेच्या) टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबावर एकेक बसवायचा, विटांच्या जोडासारखा, वरचा पफ खालच्या दोघांच्या मधे. तीन-चार रांगा झाल्या की पुन्हा ओव्हनमध्ये, मग पुढच्या. एका दमात वरपर्यंत गेलात तर खालची रांग घसरते, मावशींनी एकदा तसं केलंच, मग स्वतःच परत काढलं.

कॅरमेलला रेझिन चालेल, पण ब्रशने नाही. सुईच्या टोकावर घ्यायचं, पफाच्या माथ्याला टेकवायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या सुईने अर्धं उचलून घ्यायचं. चमक राहते, जाडी जाते. प्रत्येक पफाला नाहीच लावायचं, काही कोरडे सोडायचे. रेझिन काही वर्षांनी पिवळं पडतं अशी तक्रार असते, इथे पडलं तर फायदाच.

आणि तारा. साखरेच्या तारांसाठी मावशींनी ग्लू गनचे धागे ओढले होते, ते जाड आणि दुधट. मग त्यांच्या मुलीने डोक्यावरचा केस सुचवला. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर, बाराने गुणला की पाऊण मिलिमीटरच्या वर, दिसायला तार नाही, काथ्या. याहून बारीक काय मिळणार घरात? रेशीम. रेशमाचा सुटा तंतू केसाच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा, ०.०१ च्या आसपास. आजींच्या एका जुन्या, पदराला फाटलेल्या शालूचा सोनेरी-पिवळा धागा काढला, ओल्या बोटावर पीळ सोडवला, सुईने तंतू वेगळे केले. श्वास सोडला तरी उडतात. पंखा बंद, खिडक्या बंद, ऑक्टोबरचा उकाडा, आणि दोघी चिमट्याने एकेक तंतू सुळक्याभोवती सैल गुंडाळतोय, शेवट कुठेतरी रेझिनच्या ओल्या थेंबात अडकवायचा आणि लॅम्प मारायचा. उजेडात धरल्यावर तो तंतू आधी दिसत नाही, फिरवला की एकदम सोन्यासारखा चमकतो, अगदी खरी साखरेची तार चमकते तसाच. शालू कापायचा म्हणून मावशींना वाईट वाटत होतं, आजींना अजिबात नाही, त्या म्हणाल्या कपाटात पडून काय करतोय तो.

भाजण्याबद्दल एक सांगायलाच हवं. घरच्या ओटीजीचा काटा जे दाखवतो ते खरं नसतं, मावशींच्या ओटीजीत ११० वर ठेवलं तर आतलं थर्मामीटर १३० च्या पुढे. फीमोला ११० डिग्री, अर्धा तास, असं पाकिटावरच लिहिलेलं असतं, त्याच्या वर गेलं की आधी पांढरा पिवळट पडतो, आणि फारच तापलं तर क्ले जळून घातक धूर सोडतं. सुटं थर्मामीटर घ्या, वस्तू चकचकीत टाइलवर ठेवा, वरून फॉइलची सैल टोपी. आणि ज्या ओटीजीत नानकटाई होते त्यात हे करू नका, मावशींनी माळ्यावरचा जुना काढला.

पैशांचं विचारतात म्हणून, त्यांनी मला फी विचारली तेव्हा मी तासाच्या हिशोबाने सांगितली, नगाच्या हिशोबाने नाही. नगावर सांगितलं की माणूस म्हणतो एवढ्याशा मॅकरॉनचे एवढे? आणि खरंच एवढासा असतो.

मंगल कार्यालयात खोकं अॅक्रिलिकच्या झाकणात ठेवलं, आत दोन वॉर्म एलईडी. चिठ्ठीवर मावशींची चारोळी होती: "बोटभर बेकरी, वीतभर फळी, बघा डोळे भरून, खाऊ नका मुळी." तरी एका छोट्या मुलाने झाकणाला जीभ लावलीच. वरपक्षातल्या बायका मोबाइल टेकवून फोटो काढत होत्या, आणि फोटोत, आजूबाजूला माणसाचं बोट नसेल तर, खरंच दुकान वाटत होतं. मला विचाराल तर एक्लेअर थोडे सरळसोट झाले, पुन्हा केले तर मी त्यांना किंचित वाकडं करीन, पण वेळ उरला नव्हता.

नवरीला आदल्या रात्री दाखवलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग मेकअपवालीच्या आरशाचा दिवा खोक्याकडे वळवून वाकून बघत म्हणाली, "मावशी, याच्या खाली नुगातीन नाहीये." बदाम घालून केलेल्या कॅरमेलची कडक चकती, क्रोकाँबूश तिच्यावर उभा करतात, आमच्या दोघींच्या लक्षातच आलं नाही, आणि कार्यालयात ओव्हन कुठला. लग्न तसंच लागलं. ती चकती नंतर केली, ट्रान्सलुसंट क्लेमध्ये तपकिरी रंगाचा एक ठिपका मळून आणि वाया गेलेल्या बदामाच्या कापांचा चुरा दाबून, कड ब्लेडने कातरलेली. सुळका जुन्या प्लेटवरून पातळ ब्लेडने सोडवताना खालच्या रांगेतले दोन पफ निघाले, ते परत लावले, आणि खोकं आता नवरीच्या सासरी कारेलीबागेत आहे, उन्हापासून लांबच्या भिंतीवर.